सांबाराची बखर

मराठी भाषा गौरव दिनाच्या एका समारंभात अलीकडे श्रोता म्हणून बसण्याचा योग आला. स्थळ सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण हे समारंभ आता सर्वत्र एकाच साच्याचे असतात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला मिळालेल्या अभिजात दर्जाचा उल्लेख आणि मग अभिमानाची पंगत. पाहुण्यांनी त्या पंगतीत अखेरीस सांबार वाढले. तंजावरचे शहाजीराजे स्वतः पाककलेचे मोठे शौकीन. एकदा छत्रपती संभाजीराजे त्यांच्याकडे पाहुणे म्हणून आले. आमटीला घालायचे आमसूल नेमके संपले होते. कोणा दरबाऱ्याने भीत भीत चिंच सुचवली, मुगाच्या जागी तूर शिजवली गेली, पाहुणा संतुष्ट झाला आणि त्या पाहुण्याच्या नावावरून पदार्थाचे नाव पडले सांबार. ‘म्हणजे मित्रहो, अख्खा दक्षिण देश रोज सकाळी आपल्या राजाचे नाव घेतो!’ टाळ्या थांबेनात.

माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने माझा चेहरा ओळखला असावा. ‘जाऊ द्या की सर,’ तो हळूच म्हणाला, ‘लेकरं आवडीनं ऐकलालीत.’ लेकरे आवडीने ऐकत होती हे खरेच. अडचण अशी की तीच लेकरे पुढे मे महिन्यात ‘शब्दांची व्युत्पत्ती’ या प्रश्नाच्या उत्तरात तेच लिहितात, आणि त्या उत्तरपत्रिका माझ्याकडे येतात. त्यामुळे ‘जाऊ द्या’ हा पर्याय मला उपलब्ध नाही.

प्रथम कथेतील चिंचेविषयी. मी चाकूरला राहतो. लातूरकडून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. आमच्या भागात बांधावर, वाड्याच्या मागे, देवळाच्या पारापाशी चिंच असते, आणि गावांची नावेही चिंचेवरून पडतात. चिंचोली नावाचे गाव नसलेला जिल्हा मराठवाड्यात शोधावा लागेल. सीमेपलीकडे कलबुर्गी जिल्ह्यातही एक चिंचोळी आहेच. ‘चिंच’ हा शब्द संस्कृत ‘चिञ्चा’पासून थेट आलेला आहे, तो कोणा तंजावरच्या दरबाऱ्याने सुचवलेला नाही. आमसूल ही कोकणाची आणि घाटमाथ्याची वस्तू. देशावर, त्यातही गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यात, वरणाला आंबटपणा चिंचेचा किंवा कैरीचाच. भोसल्यांचे मूळ घराणे वेरूळचे, म्हणजे याच मराठवाड्याचे. त्या घरातल्या मुदपाकखान्याला चिंच म्हणजे काय हे तमिळ देशात जाऊन शिकावे लागले, असे मानायचे असेल तर आमच्या आज्यांनी पिढ्यानपिढ्या कोळलेल्या चिंचेचे काय करायचे?

दुसऱ्या बाजूनेही हेच. तमिळमध्ये ‘पुळि’ म्हणजे चिंच आणि ‘पुळि’ म्हणजेच आंबट. कन्नडमध्ये डाळ-भाजीच्या आंबट पातळ पदार्थाला ‘हुळि’ म्हणतात, तेलुगूत ‘पुलुसु’. दोन्हींचा मूळ अर्थ आंबट. आपली ‘आमटी’ही आंबटाच्याच कुळातली. चारही भाषांनी पदार्थाचे नाव त्याच्या चवीवरून ठेवले आहे, आणि कोणीही कोणाला चिंच शिकवण्याची वाट पाहत बसलेले नव्हते.

तुरीविषयी तर लातूरकराने बोलूच नये, इतके ते उघड आहे. लातूर ही तूरडाळीची पेठ. २०२४ मध्ये आमच्याकडच्या पानचिंचोलीच्या चिंचेला, बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळाले. चिंच, तूर आणि कोथिंबीर! मला मोह अनावर झाला असता तर मीही एक बखर रचली असती की सांबाराचा जन्म निलंग्याच्या आसपास झाला, आणि दोन दिवसांत ती तुमच्या भ्रमणध्वनीवर परत आली असती. पुरावा तितकाच, म्हणजे शून्य. पण कथानक तंजावरच्या कथेपेक्षा सुसंगत.

आता कालगणना पाहू. शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे चिरंजीव आणि संभाजीराजांचे चुलतबंधू, १६८४ मध्ये तंजावरच्या गादीवर आले. संभाजीराजे १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. मधली पाच वर्षे औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरलेला. त्या पाच वर्षांत संभाजीराजे तंजावरला जाऊन जेवले, असे सांगणारा एकही समकालीन कागद ही कथा सांगणाऱ्यांपैकी कोणी आजवर पुढे ठेवलेला नाही. कागद मागितला की ‘लोकपरंपरा’ हा शब्द पुढे येतो. लोकपरंपरेचा मी आदर करतो. परंतु जी परंपरा लोकांच्या ओवीत, कीर्तनात, म्हणीत कुठेच आढळत नाही आणि दूरचित्रवाणीच्या खाद्यकार्यक्रमांत मात्र हटकून आढळते, तिला लोकपरंपरा म्हणावे काय?

खरा प्रश्न शब्दाचा आहे. एका तमिळ शिलालेखात, १५३० सालच्या, नैवेद्याच्या जिनसांच्या ओघात ‘सम्पारम्’ हा शब्द आलेला आहे. संभाजीराजांचा जन्म १६५७ चा. एकशे सत्तावीस वर्षे आधी दगडावर कोरलेल्या शब्दाला पुढच्या शतकातल्या राजपुत्राचे नाव कसे लागले, हे कोड्यात टाकणारे आहे. अर्थात ‘सम्पारम्’ म्हणजे आजचे इडलीबरोबरचे सांबार असा दावा मी करीत नाही. तसा दावा करणे ही पुन्हा तीच चूक, फक्त उलट दिशेने. तिथे तो मसाल्याच्या किंवा मसालेदार जिनसाच्या अर्थाने आला असावा. आणि नेमके तेच महत्त्वाचे आहे.

कारण मूळ शब्द संस्कृत ‘सम्भार’. सम् आणि भृ. एकत्र आणलेले, जुळवलेले साहित्य. यज्ञाला लागणारी सामग्री हा सम्भार. मराठीत ‘केशसंभार’ आणि ‘पुष्पसंभार’ या शब्दांत तो आजही शुद्ध रूपात बसलेला आहे. देवळातून तो स्वयंपाकघरात आला तेव्हा ‘सामग्री’चा अर्थ ‘मसाल्याची सामग्री’ असा आक्रसला. पुढे प्रत्येक भाषेने आपल्या ताटात जे महत्त्वाचे, त्याला हे नाव दिले. कन्नडात ‘सांबार पदार्थ’ म्हणजे आजही मसाल्याचे पदार्थ. तेलुगूत ‘संबारमु’ म्हणजे मसाला. गुजरातेत लोणच्यात भरायच्या मेथी-मोहरी-मिरचीच्या कोरड्या मसाल्याला ‘संभार’ म्हणतात, आणि कोबी-गाजर-मिरची फोडणीत परतून केलेल्या तोंडीलावण्याला ‘संभारो’. पारशी घरांत सांबार मसाला आहे. त्याचा इडलीशी काही संबंध नाही. केरळात ‘संभारम्’ मागितले तर समोर येते ते आले, हिरवी मिरची, कढीपत्ता ठेचून घातलेले ताक. त्यात डाळीचा कणही नसतो.

आणि आमच्या उंबऱ्याजवळचे उदाहरण तर सर्वांत गोड. पैनगंगा ओलांडून यवतमाळात जा. परीक्षेच्या कामासाठी तिकडे गेलो असता मंडईत भाजीवाल्या बाईंनी विचारले, ‘सांबार देऊ का जी?’ मला वाटले, ही कसली मंडई, इथे सांबारही तयार मिळते! तिने कोथिंबिरीची जुडी पुढे केली. वऱ्हाड-नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. म्हणूनच सांबारवडीत डाळीचे पाणी शोधू नये, तिच्या पोटात कोथिंबीर असते. म्हणजे मसाला या अर्थाचा शब्द आकसत आकसत सर्वांत स्वस्त, सर्वांत रोजच्या मसाल्यावर येऊन थांबला. यवतमाळच्या त्या बाईंना कोणत्याही राजाची आठवण नव्हती. तिचा शब्द मात्र आमच्या पाहुण्या वक्त्यांच्या शब्दापेक्षा पुष्कळ जुन्या घराण्यातला होता.

संभाजीराजांची कथा खरी मानली, तर या साऱ्यांचे काय करायचे? गुजरातच्या लोणच्यात, केरळच्या ताकात, वऱ्हाडच्या कोथिंबिरीत राजे कसे पोहोचले? कथेला याचे उत्तर देता येत नाही, कारण कथेला हे शब्द ठाऊकच नाहीत. तिला एकच पदार्थ ठाऊक आहे: उडुपी हॉटेलातला.

उडुपी हॉटेलांचा उल्लेख आलाच आहे तर हेही सांगून टाकतो की आम्हा मराठवाड्यातल्या बहुतेकांना सांबार हा पदार्थ तंजावरहून नव्हे, याच हॉटेलांमार्गे भेटला. माटुंग्याला ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ मध्ये सुरू झाले. अशा खाणावळींनी मुंबईला इडली शिकवली आणि मुंबईने बाकीच्यांना. आमच्याकडे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचे राज्य होते आणि आंबट डाळ म्हटले की हैदराबादची ‘खट्टी दाल’ आठवायची. घरात पुरणाच्या दिवशी येळवणीची आमटी. हॉटेलातले सांबार हे परगावचे पाहुणे म्हणून आले आणि गाडीवर रस्सा होऊन राहिले. आज गाड्यांवरच्या पाट्या वाचाव्यात. कुठे ‘सांबर’, म्हणजे शिंगे असलेले जनावर. कुठे ‘सांभर’, म्हणजे राजस्थानातले खाऱ्या पाण्याचे सरोवर. कुठे ‘सांबार’, कुठे ‘सांभार’. एकाच बसस्थानकासमोर चारही सापडतील. मला या पाट्यांचा राग येत नाही. शब्द जिवंत असल्याची ती खूण आहे. गाडीवाल्याने तो ऐकला आणि जसा ऐकला तसा लिहिला. राग येतो तो पाटी न वाचता बखर सांगणाऱ्यांचा.

आता मी जे म्हणणार आहे त्याने आमचे पाहुणे कदाचित आनंदतील, परंतु त्यांनी थोडा धीर धरावा. या प्रकरणात मराठीचा हात नाही असे मला मुळीच म्हणायचे नाही. हात आहे, फक्त तो राजपुत्राचा नाही, एका स्वराचा आहे.

शिलालेखातला शब्द ‘सम्पारम्’. त्यात पहिला स्वर ऱ्हस्व. आजच्या तमिळातला पदार्थ ‘साम्बार्’. त्यात पहिला स्वर दीर्घ. एकाच भाषेत एकाच मुळाची ही दोन रूपे. ऱ्हस्व ‘सम्’चा दीर्घ ‘साम्’ कोणी केला? संस्कृत शब्द मराठीत उतरताना अनुनासिक जोडाक्षराआधीचा ‘अ’ नियमाने दीर्घ होतो. लम्ब झाला लांब, जम्बू झाले जांभूळ, दन्त झाला दात, संध्या झाली सांज. आणि स्कम्भाचा झाला खांब. त्यात तर ‘अ’चा ‘आ’ही झाला आणि ‘भ’चा ‘ब’ही. हिंदीने खंभा आणि लंबा ठेवले, मराठीने खांब आणि लांब केले. ‘सम्भार’चा ‘सांबार’ होणे हे ‘स्कम्भ’चा ‘खांब’ होण्याइतकेच सरळ मराठी आहे. गुजरातीतही असे दीर्घीकरण होते, परंतु खाण्याच्या अर्थाने तिथे ‘संभार’ हे रूपच टिकले. आणि कावेरीच्या काठी राज्य करायला गुजराती गेले नव्हते, मराठे गेले होते. म्हणून माझा तर्क असा की मसाला या अर्थाचा ‘सम्पारम्’ तमिळात आधीपासून होता, आणि मसाला घातलेल्या आंबट डाळीचा ‘साम्बार्’ हा त्याच शब्दाचा मराठी भाऊ, तंजावरच्या मराठी घरांतून वेगळ्या दाराने आत आला. हा तर्क आहे. कोणी ध्वनिनियमांच्या आधारे तो खोडून काढला तर मी त्याचे आभार मानीन. खोडणाऱ्याने टाळ्यांचा आधार घेऊ नये इतकेच.

या तर्काला बळ देणारे शेजारी आहेत. कन्नडात आणि तमिळात ‘वांगीबात’ आहे. वांगीही आपली आणि भातही आपला, दोन्ही शब्द मराठी. तमिळ हलवायाकडची ‘पोळि’ ही आपली पोळी. कर्नाटकातले ‘ताळिपट्टु’ म्हणजे कोण, हे सांगायला नको. या शब्दांमागे एकाही राजाची गोष्ट नाही. ते कसे गेले? फौजेबरोबर गेलेल्या आचाऱ्यांबरोबर, कारकुनांच्या बायकांबरोबर, लग्नाच्या पंगतींतून, शेजारणीने वाटीत पाठवलेल्या भाजीतून. ज्यांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत अशा माणसांनी ते नेले. बखरकथेचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा अपराध हाच आहे की ती या सगळ्यांच्या हातातून पळी काढून घेते आणि ती एका राजाच्या हाती देते.

आणि राजाला तरी ती काय देते? शहाजीराजे कोण होते? ज्यांच्याकडे आमसूल संपले ते गृहस्थ, एवढेच आता आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक. या राजाने तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ लिहिले. मराठीत नाटके लिहिली. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांतले एक. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ चे. सांगलीच्या पडद्याच्या दीडशे वर्षे आधी तंजावरात मराठी नाटक उभे होते. मराठी विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या किती जणांनी हे नाटक वाचले आहे? मी वर्गात विचारून पाहिले. सांबाराची गोष्ट सर्वांना येत होती, नाटकाचे नाव एकालाही नाही. संभाजीराजांचेही तसेच. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ लिहिणाऱ्या राजाचा गौरव आम्ही डाळीच्या वाटीने करतो. याला अभिमान म्हणायचे?

तंजावरचा अन्नव्यवहार कोणाला खरोखरच जाणून घ्यायचा असेल तर दारे उघडी आहेत. रघुनाथ नवहस्त या पंडिताचा ‘भोजनकुतूहल’ हा आहारविषयक ग्रंथ सतराव्या शतकातला, आणि रघुनाथपंडिताला दीपाबाईंचा, म्हणजे शहाजीराजांच्या मातोश्रींचा, आश्रय होता. सरफोजी दुसरे यांच्या काळचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ सरस्वती महालाच्या संग्रहातले. त्याच संग्रहात मोडी कागदांचे ढीग आहेत. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ चा प्रचंड मराठी शिलालेख आहे. मोडी वाचणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. कथा सांगायला मोडी लागत नाही, हे कथेच्या लोकप्रियतेचे एक कारण मला वाटते.

मघाच्या सहकाऱ्याने चहाच्या वेळी मला पुन्हा गाठले. त्याचे म्हणणे असे की सँडविच नाही का एका इंग्रज उमरावाच्या जहागिरीवरून पडले, मग सांबारच का नको? सँडविचच्या मागे उमराव आहे हे खरे. परंतु एका शब्दामागे माणूस सापडला म्हणून प्रत्येक शब्दामागे तो उभा करायचा, ही व्युत्पत्ती नव्हे. आमच्याच जिल्ह्यात त्याचे उदाहरण दर पौषाच्या तोंडाशी घडते. येळवसेला आम्ही शेतात जातो. भज्जी, उंडे आणि आंबील यांचा तो सण. शेजारच्या कन्नड मुलुखात या तिथीला ‘एळ्ळ अमावास्या’ म्हणतात, आणि ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. आमच्या ‘येळवस’ शब्दात तो कन्नड तीळ सरळ सरळ चघळता येतो. परंतु शिकलेल्यांना वाटले, खेडूत ‘वेळे’ला ‘येळ’ म्हणतो, तेव्हा हेही अशुद्धच असणार. आणि त्यांनी सणाचे नाव दुरुस्त करून ‘वेळ अमावास्या’ केले. आता निमंत्रणपत्रिकांवर, वर्तमानपत्रांत तेच छापले जाते, आणि कसली वेळ, कोणाची वेळ, याच्या गोष्टीही तयार होत आहेत. शब्दाचा शेजारी तोडला की त्याला पोरके सोडता येत नाही. मग कुठून तरी त्याचा बाप आणावा लागतो.

उलट बाजूचे अतिरेकीही आहेत, त्यांनाही दोन शब्द. सांबार संपूर्ण आमचे, मराठ्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, असे आवेशाने सांगणारे तमिळ अभिमानी भेटतात. त्यांनी तो दीर्घ ‘सा’ समजावून सांगावा. शब्द संस्कृत, रूप बहुधा मराठी, आंबटपणा तमिळ ‘पुळि’चा, आणि आजच्या सांबारातली लाल मिरची तर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात समुद्रापलीकडून आणलेली. यातला कोणता भाग काढून घेतल्यावर उरलेला भाग ‘आमचा’ राहील?

उत्तरपत्रिकांचे सांगायचे राहिले. ‘सांबार या शब्दाची व्युत्पत्ती सांगा’ असा प्रश्न आमच्या अंतर्गत चाचणीत मीच मुद्दाम घातला होता. बहुतेकांनी आमसूल संपवले. एका मुलीने मात्र लिहिले होते की माझी मावशी उमरखेडला दिली आहे, ती कोथिंबिरीला सांबार म्हणते, तेव्हा राजाची गोष्ट खरी नसावी, पण मला याहून जास्त माहीत नाही. उत्तर तीन ओळींचे होते. पाचपैकी चार गुण दिले. पाचवा यासाठी राखला की तिने मावशीला अजून दोन प्रश्न विचारायला हवे होते.